नऊ नंबरचं कामवाटप

नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना पायाच्या जखमेने छळलं नव्हतं इतकं नव्या इनचार्ज सिस्टरच्या सुधारणेने छळलं.

आधी वॉर्डात कामं वाटलेली असत. एक सिस्टर सगळ्यांचा ताप बघायची, दुसरी बीपी, तिसरी गोळ्या द्यायची, चौथी इंजेक्शनं, पाचवी ड्रेसिंग. म्हणजे दिवसातून पाच जणी खाटेशी यायच्या आणि आजोबांपाशी तेहतीस वर्षांच्या हेडक्लार्कीच्या गोष्टी होत्या. तापवालीपाशी सुरू झालेली गोष्ट ड्रेसिंगवालीपाशी संपायची. पूर्ण गोष्ट एकीलाही कळली नव्हती, पण त्याने आजोबांचं काही अडत नव्हतं. घरून भेटायला कोणी येत नसे, कारण घरी कोणी नव्हतंच.

मग नव्या इनचार्ज सिस्टर आल्या आणि त्यांनी फर्मान काढलं : एका पेशंटचं सगळं एकीनेच करायचं. आजोबा धाकट्या सिस्टरच्या वाट्याला आले. पोरगी कामाला वाघ. सकाळी वीस मिनिटांत ताप, बीपी, गोळ्या, इंजेक्शन, ड्रेसिंग सगळं उरकून ती पुढच्या खाटेकडे पळायची. त्यानंतर आजोबा आणि डोक्यावरचा पंखा. तीन दिवस त्यांनी पंखा बघत काढले. चौथ्या दिवशी एकटेपण सोसेना, तेव्हा त्यांचं कचेरीतलं डोकं चालू लागलं.

"पोरी, किती धावशील? काम सोपवायला शीक. मी तेहतीस वर्षांत एक कागद स्वतः हलवला नाही."

"आणि मग आजोबा, कामं व्हायची?"

"न होऊन जातात कुठे? ताप हिला सांग, बीपी तिला सांग. तू नुसतं लक्ष ठेव. मोठी सिस्टर होशील बघ."

पोरीला पटलं. दुसऱ्या दिवशी तिने तापाचं काम एकीला सांगितलं. त्या एकीला घाई होती, म्हणून तिने ते दुसरीला सांगितलं आणि मग विसरून स्वतःही येऊन गेली. बीपी तिघींनी घेतलं. गप्पांच्या भरात ते दर वेळी वाढत गेलं, म्हणून खात्री करायला चौथी आली. तिच्या मागोमाग ईसीजीवाला आला. त्यालाही आजोबांनी स्वतःच्या तिसऱ्या बदलीची हकिकत ऐकवली. कितीतरी दिवसांनी त्यांचा दिवस मजेत गेला.

संध्याकाळी डॉक्टरांनी पाय बघितला. ड्रेसिंग कालचंच होतं.

"हे कोणी करायचं होतं?"

प्रत्येकीने शेजारणीकडे बघितलं. सगळ्या नजरा फिरत फिरत धाकट्या सिस्टरवर येऊन थांबल्या.

"काम दुसरीला देता येतं, जबाबदारी नाही," इनचार्ज सिस्टर कडाडल्या. "तुझं नाव मेट्रनकडे पाठवते. अजून नोकरीत कायम व्हायची आहेस ना?"

पोरीचे डोळे भरले. आजोबांचं नाव मात्र तिने घेतलं नाही. कचेरीत अशा वेळी आजोबा फाईल शोधायला टेबलाखाली वाकत. इथे वाकायला टेबल नव्हतं.

"मीच शिकवलं तिला," ते म्हणाले. "पूर्वी पाच जणी यायच्या, चार शब्द बोलायच्या. आता एकटीच येते नि पळते. दिवस सरत नाही हो मॅडम. तिचं नाव नका पाठवू."

इनचार्ज सिस्टरांनी सगळ्यांना कामाला पिटाळलं, ड्रेसिंगची ट्रॉली स्वतः ओढली आणि हातमोजे चढवले. जुनी पट्टी सोडवता सोडवता त्या बोलू लागल्या.

"एक सांगू आजोबा? मी छत्तीसच्या छत्तीस पेशंट वाटून टाकले. माझ्या वाट्याला एकही उरला नाही. दिवसभर त्या काचेच्या खोलीत बसून तक्ते आखते. इथे आल्यापासून मला कोणी 'सिस्टर, जरा पाणी द्या' म्हणालेलं नाही."

आजोबांनी तोंड उघडलं. त्यांच्या एका साहेबाचं अगदी असंच झालं होतं.

"थांबा, मधे बोलू नका," म्हणत सिस्टरांनी स्टूल ओढलं आणि स्वतःच्या पहिल्या ड्यूटीपासून सुरुवात केली. ड्रेसिंग संपलं तरी त्या उठल्या नाहीत. आजोबांनी चार वेळा तोंड उघडलं आणि चार वेळा मिटलं. आपल्याला कोणी काही सांगून किती वर्षं झाली, हे त्यांना आठवेना. बरं वाटत होतं.

धाकटी सिस्टर घाबरत दारात आली. "मॅडम, मेट्रनचा फोन आहे. डॉक्टरांनी कळवलंय त्यांना. आजची चूक कोणाची, विचारतायत."

"माझी म्हणावं. पद्धत माझी होती. आणि आत्ता फोनवर येता येणार नाही. मी पेशंट बघतेय."

पोरीने खाटेकडे पाहिलं, तशी आजोबांनी लगबगीने कण्हायला सुरुवात केली.