प्रसादचं लॉन आणि माझा राब

आमच्या घराण्यात सात पिढ्या भात पिकवतायत. दापोलीजवळच्या आमच्या शेतातलं रोप बघायला शेजारच्या गावची माणसं यायची! आणि भात म्हणजे तरी काय? शेवटी गवतच! तेव्हा लॉन वाढवणं ही निदान मला तरी कुणी शिकवायची गोष्ट नव्हे.

मी हे सौदीत बसून सांगतोय म्हणून हसू नका. वाळू, उंट वगैरे सगळं तिकडे रियाधला. आमचं अबहा डोंगरावर, थंड हवेचं. इथल्या इस्पितळात मी एक्स-रे काढतो आणि इस्पितळाच्याच कंपाउंडमध्ये राहतो. प्रत्येक घरापुढे अंगण. उतारावर माझ्या खालचं अंगण प्रसादचं.

प्रसाद साताऱ्याचा, फिजिओथेरपिस्ट. माणूस सज्जन, हीच तर पंचाईत! धड भांडताही येत नाही. त्याचं लॉन हिरवंगार, दाट, एका उंचीचं. माझं पिवळं आणि जागोजागी टक्कल पडलेलं. त्यात आमची साबिरा रोज सकाळी चहाचा कप घेऊन उभी राहायची ती तोंड त्याच्या अंगणाकडे करून!

"किती छान ठेवलंय हो!"

"ठेवलं असेल!" मी म्हणायचो आणि माझा चहा कडू व्हायचा.

खरं दुखणं होतं ईदच्या जेवणाचं. ईदच्या दुपारी कंपाउंडमधली सगळी आपली कुटुंबं एकत्र जेवतात, आणि कुणाच्या लॉनवर बसायचं ते अदिबा आपा ठरवतात. आपा महाडच्या, हेडनर्स. त्यांच्यापुढे सर्जनसुद्धा हळू बोलतात. पाच वर्षं हा मान माझ्याकडे होता. यंदा आपा म्हणाल्या, "इसहाक, गेल्या ईदला तुझं गवत पायांना टोचलं रे. अजून दीड महिना आहे. नाही सुधारलं, तर प्रसादकडे बसू."

प्रसादकडे! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

वर प्रसाद स्वतःच सांगायला आला. "इसहाकभाई, सोपं आहे. पाणी आठवड्यातून दोनदाच, पण भरपूर, तेही पहाटे. आणि कापताना फक्त वरचा शेंडा घ्यायचा. तुम्ही पार बोडकं करता!"

हा मला गवत शिकवणार! पेशंटना व्यायाम सांगून सांगून याला सवयच लागलीय!

मी ठरवलं, राब भाजायचा. कोकणात रोप पेरण्याआधी जमिनीवर शेण, पाला, फांद्या पसरून पेटवून देतात. तण जळतं, राख मातीत मिसळते आणि मग रोप असं तरारतं की बघत राहावं. मी बकरी बाजारातून दोन पोती लेंड्या आणल्या, सुकलेल्या फांद्या आणल्या आणि लॉनच्या बियाण्याची दहा किलोची गोणी तोंड उघडून हाताशी ठेवली.

"अहो, हे दापोली नाही!" साबिरा म्हणाली.

"अगो, माती ती मातीच!" म्हणत मी काडी ओढली.

लेंड्या ओल्या निघाल्या. जाळ कमी आणि धूर बेसुमार! तो सगळा उतारावरून प्रसादच्या घरात शिरला. त्याची बायको सानिका खिडकीतून ओरडली, "भाऊजी, धूर! धूर!"

मी मनात म्हटलं, आता कसं! माझं लॉन होणार म्हटल्याबरोबर यांना बघवेना!

प्रसाद पाण्याचा पाइप ओढत धावत वर आला. "भाई, विझवू का?"

"खबरदार! राबाला पाणी लावायचं नसतं!" मी त्याला पाइपसकट परत पाठवलं.

"अब्बू, प्लीज! एव्हरीवन इज वॉचिंग!" आमची दुआ दारातून किंचाळली.

बघू देत की! कौतुकानंच बघतायत, अशी माझी समजूत. पण गेटवरच्या वॉचमननं मुदीरला फोन केला, म्हणजे कंपाउंडच्या मॅनेजरला. मुदीरनं अग्निशमनवाल्यांना केला. दहा मिनिटांत हा एवढा मोठा बंब दारात!

"एश हाझा?" त्यांच्या साहेबानं विचारलं. हे काय आहे?

मी छाती पुढे काढून म्हटलं, "हाझा... ॲग्रिकल्चर!"

"खलास!" म्हणत त्यानं हात हलवला आणि पाण्याचा असा लोट सुटला की माझी राख, माझ्या लेंड्या आणि बियाण्याची उघडी गोणी, सगळं वाहत प्रसादच्या लॉनवर!

मुदीरनं मला लेखी ताकीद दिली. मी प्रसादची माफी मागायला गेलो. त्याच्या लॉनवर काळा चिखल साचला होता. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं! म्हटलं, चला, बरोबरी झाली.

तीन आठवड्यांनी त्या चिखलातून गवत वर आलं. आलं म्हणजे काय, उसळलं! तळहातभर जागा रिकामी नाही! अबहात तसं लॉन कुणी बघितलं नसेल.

ईदचं जेवण अर्थातच तिथे झालं. प्रसादनं उभं राहून सांगितलं, "हे सगळं इसहाकभाईंमुळे! राख त्यांची, खत त्यांचं, बियाणंही त्यांचंच!" टाळ्या पडल्या. साबिरानं तर सगळ्यात मोठ्यानं वाजवल्या.

"हाताला गुण आहे रे तुझ्या!" आपा म्हणाल्या. "आणि हे बघ, बाहेर गाड्यांची गर्दी झालीय. तुझ्या अंगणात आता गवत नाहीच, तर लोकांना तिथे गाड्या लावू दे. जरा उभा राहतोस?"

उभा राहिलो. दुपारभर "यल्ला, यल्ला, मागे घ्या!" करत होतो. चार गाड्या आरामात बसल्या. बंबानं वरची माती धुऊन नेल्यावर जमीन इतकी टणक उरली होती की एकही चाक रुतलं नाही, आणि जो तो जाताना पार्किंगची तारीफ करून गेला!