सर्वेवाले आणि मुलाखतवाल्या

रुपेशचा प्रबंध विद्यापीठानं परत पाठवला. पण हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. आपण अजून अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत आहोत, रुपेश एम.ए. झाल्यातच जमा आहे, आणि घोडेगावात त्यानं आईला बजावून ठेवलंय, की जूनपासून मी कॉलेजात शिकवणार, तेव्हा चारचौघांत ‘रुप्या’ म्हणायचं बंद कर.

प्रबंधाचा विषय साधा होता. कुटुंबाची माहिती काढायला छापील फॉर्मचा सर्वे बरा, की समोर बसून घेतलेली मुलाखत? त्याच माणसांना तेच प्रश्न दोन्ही तऱ्हेनं विचारायचे आणि खरं कशातनं बाहेर पडतं ते बघायचं. फक्त काम खरोखर गावात झालं, असं गावाचं शिक्क्याचं पत्र जोडल्याशिवाय मार्गदर्शक सर प्रबंधाला हात लावणार नव्हते. रुपेशनं लोणीच्या अलीकडची एक वाडी निवडली, घरोघर फॉर्म वाटले आणि आठवड्यानं गोळा केले.

सगळे फॉर्म सारखे होते. प्रत्येक घरात एक म्हैस, तीन मुलं, आणि घरातले निर्णय नवरा-बायको विचारविनिमयानं घेतात. जानकूच्या फॉर्मवरही तीन मुलं होती. जानकूचं लग्न अजून व्हायचं होतं.

वाडीचे कारभारी नानासाहेब यांना त्यात काहीच वावगं दिसेना. “आमच्यात सोसायटी बिनविरोध, पंचायत बिनविरोध. तुझ्या कागदावरच फूट पाडायची व्हय?” देवळात बैठक घेऊन त्यांनी सगळी उत्तरं एकमतानं ठरवली होती. जानकू आधी नको म्हणत होता, पण गावाच्या भल्यासाठी तीन मुलांना तयार झाला.

रुपेश चक्रावला, पण आतून खूशही झाला. म्हणजे मुलाखतच श्रेष्ठ ठरणार! टेपरेकॉर्डर घेऊन तो नानासाहेबांच्याच ओट्यावर बसला. मुलाखत एकेकट्याची घ्यायची असते, हे वाडीला पटण्यासारखं नव्हतं. सगळी वाडी ऐकायला आली. नानासाहेबांच्या मंडळी, फुलाबाई, यांच्यापुढं त्यानं बटण दाबलं.

“घरात निर्णय कोण घेतं, काकू?”

“मी ठरीवते. मंग ह्यांना सांगते. मंग ह्ये गावाला सांगत्यात.”

नानासाहेब खोकले. रुपेशनं घाईघाईनं सोपा प्रश्न घेतला, मुलं किती?

“दोन.”

“फॉर्मवर तीन आहेत,” रुपेश म्हणाला. तफावत दिसली की दाखवायची, असं पुस्तकात होतं.

फुलाबाईंनी आधी टेपरेकॉर्डरकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. “अवो, तिसरं कुटं हाय?”

नानासाहेब म्हणाले, तिसरं सर्वानुमते आहे. या खुलाशानं परिस्थिती सुधारली नाही. ओट्याखालच्या बायका आपापल्या घरची पोरं मोजायला लागल्या. साळुबाईंची चार होती. त्यातलं कुठलं गाळलं, यावरून चौघांनीही एकदम भोकाड पसरलं. जानकूला तर नुकताच ओझरकडच्या मुलीचा होकार आला होता. बातमी एसटीनं तिकडं गेली आणि परतीच्या गाडीनं मुलीच्या मामाचा निरोप आला, आधीची तीन सध्या कुणाकडं असतात ते कळवावं.

वाडीत पहिल्यांदाच दोन पार्ट्या पडल्या. पुरुष सर्वेवाले, बायका मुलाखतवाल्या. पुरुषांतला एकटा जानकू मुलाखतवाल्यांना जाऊन मिळाला आणि त्यामुळं वेळेवर जेवला. बाकीचे दुसऱ्या दिवसापासून स्वतः भाकऱ्या थापू लागले.

रुपेश पत्र मागायला गेला, तर नानासाहेब म्हणाले, “निकाल सर्व्याच्या बाजूनं लिव, मंग पत्र घिऊन जा.” आतून फुलाबाईंनी कळवलं, की निकाल मुलाखतीच्या बाजूनं नसेल तर शिक्का मिळणार नाही, तो त्यांच्या मिसळणाच्या डब्याशेजारी असतो. रुपेशनं पुस्तक पुन्हा चाळलं. दोन्ही पद्धतींचे फायदे-तोटे सविस्तर दिले होते. भाकरी थापणाऱ्या पुरुषांबद्दल काही नव्हतं. शेवटी त्यानं ‘दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य’ असं लिहिलं, आणि दोन्ही पार्ट्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

मार्च संपत आला तेव्हा भाकऱ्यांना कंटाळून नानासाहेबांनी बैठक बोलावली, या खेपेला बायकांसकट. तडजोड झाली. पत्र रुपेशच्या हाती न देता थेट विद्यापीठाकडं रवाना झालं. त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या, हळदीचा डाग असलेला शिक्का होता, आणि मजकूर असा होता:

“तरी गावात शांतता राहणेकामी पहिली अडीच वर्षे सर्वे व पुढील अडीच वर्षे मुलाखत श्रेष्ठ धरण्यात यावी, जानकू यांची तिन्ही मुले विद्यापीठाने आपल्या दप्तरातून कमी करून तसा दाखला मुलीच्या मामांना द्यावा, आणि सदर विद्यार्थ्याच्या विरोधात कोणीही उभे नसल्याने त्यास एम.ए. बिनविरोध घोषित करण्यात यावे, ही नम्र विनंती.”