शर्वाणीचा पहिला आखाड

पैसे वाचवायला आम्ही केबल बंद केली, त्याच संध्याकाळी साडेसातच्या मालिकेतली सून शर्वाणी बॅग घेऊन आमच्याकडे राहायला आली.

दार मी उघडलं. मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते, त्यामुळे हातातली वाटी पडली. शर्वाणीने ती उचलून दिली.

"सोमवारच्या भागात सासूबाई मला जिन्यावरून ढकलणार आहेत," ती म्हणाली. "मी परत उठणार नाही. दुसरी सून ठरलीये. तुमची वायर कापली तेव्हा बाहेर पडायला जागा मिळाली."

"आधी आत ये," आई म्हणाली. "आणि ते दागिने काढ, मान अवघडेल."

तिचा त्रास काही नव्हता. फक्त मनातलं मोठ्याने बोलायची, आणि मागे बघायचं झालं की तीनदा वळायची. भाकरी थापताना तिच्याभोवती मंद उजेड असायचा. त्यात पीठ कितीतरी वेळ तरंगत राहायचं. तिथे बसलं की माझी धडधड थांबायची.

मग केबलवाले पोवारभाऊ आले.

"काकू, फुकटात मालिकाच घरी आणलीत की! कनेक्शन तोडल्यावर आतलं माणूस ठेवून घेता येत नाही. गल्लीत सगळ्यांच्या टीव्हीवर नुसता रिकामा जिना दिसतोय. लोक मला शिव्या घालतायत. हिच्या सासूबाई खाली रिक्षात बसल्यात."

शर्वाणी माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"मालिकेत हिच्या लग्नाला वर्ष झालं का?" आईने विचारलं.

"कुठलं वर्ष! मालिका चार वर्षं चाललीये, पण लग्नाला आत्ता कुठे दोन महिने होतायत."

"म्हणजे हा तिचा पहिलाच आखाड. नवी नवरी आखाडात सासूचं तोंड बघत नाही, माहेरी राहते. तुमच्या सुनेला नव्हतं धाडलं?"

"धाडलं होतं की." पोवारभाऊंनी डोकं खाजवलं. खाली जाऊन ते बराच वेळ बोलून आले. "रीत आहे, मोडायची नाही म्हणाल्या. पण आखाड संपला की लगेच पाठवायचं."

"पाठवू," आई म्हणाली.

आता आमच्याकडे दिवाळी आलीये. शर्वाणीचा आखाड मात्र मालिकेच्या चालीने चालतो. त्याची पहिली संध्याकाळ अजून मावळायची आहे. ती बसते तेवढ्या एकाच खिडकीबाहेर ढग दाटलेले असतात. चकल्या सादळतात, म्हणून आई डबे पलीकडच्या फळीवर ठेवते.