मी पास केलेला हिरा

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा बायकोनं हिऱ्याची अंगठी मागितली आणि मी हो म्हणालो. इथपर्यंत माझं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढे. ती म्हणाली, "दुकानात माझ्या ताईला बरोबर घेऊ, तिला त्यातलं कळतं," आणि मी म्हणालो, "ताई कशाला? मी कशासाठी आहे?"

(या प्रश्नाचं उत्तर ती पंचवीस वर्षं शोधते आहे.)

मी गावातल्या एकमेव काचेच्या कारखान्यात तपासनीस आहे. ग्लास, बरण्या, झुंबराचे लोलक असा सगळा माल भट्टीतून निघून, थंड होऊन माझ्या टेबलावर येतो. मी एकेक वस्तू दिव्यासमोर धरतो, फिरवून पाहतो आणि आत बुडबुडा, रेघ, ओरखडा काही दिसलं, की मेणाच्या लाल पेन्सिलीनं फुली मारतो. फुलीचा माल नापास. तो पुन्हा भट्टीत जातो, किंवा कुणाला हवा असेल तर घरी न्यायला मिळतो. कुणाला म्हणजे मलाच. बाकीचे लोक एकदा नेऊन शहाणे झाले.

त्यामुळे आमच्या घरात काचेची ददात नाही. पाण्याच्या प्रत्येक ग्लासात एक बुडबुडा आहे. पाहुणे आधी ग्लासात डोकावतात, आत किडा नाही अशी खात्री करून घेतात आणि मगच तोंडाला लावतात. साखरेची बरणी एका अंगाला कलते, म्हणून तिच्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे. दिव्याची काच अशी आहे की भिंतीवर माझी सावली दोन डोक्यांची पडते.

"या घरात आजवर जे आलं ते तुम्ही नापास केलेलं आलं," बायको म्हणाली. "एक वस्तू मला धड हवी. एकच."

हे ती हसत म्हणाली असती तर मी विसरून गेलो असतो. ती हसली नाही. मला खरंच वाईट वाटलं, आणि मी मनाशी ठरवून टाकलं, की हिला असा हिरा घेऊन द्यायचा, ज्यात खोट म्हणून सापडायची नाही.

दुकान थंडगार होतं. गालिच्यात पाय घोट्यापर्यंत बुडत होता. काउंटरवरच्या मुलीनं मखमली तबक पुढे ठेवलं. बायकोनं दोन अंगठ्या पाहिल्या, तिसरी बोटात घातली आणि हात जरा लांब धरला. लग्नात मला पहिल्यांदा पाहून तिचा चेहरा जसा व्हावा अशी माझी अपेक्षा होती, तसा तो त्या अंगठीकडे बघून झाला.

"ही," ती म्हणाली.

"थांब," मी म्हणालो आणि मुलीकडून भिंग मागून घेतलं. "यात काळा ठिपका आहे."

"सर, खाणीतल्या हिऱ्यात बारीकसं काहीतरी असतंच," मुलगी म्हणाली. "नुसत्या डोळ्यांना दिसत नाही."

"तुमच्या डोळ्यांना दिसत नसेल. आमच्या कारखान्यात असा लोलक आला असता तर सरळ भट्टीत गेला असता."

आणि बोलता बोलता हात सवयीनं खिशात गेला, पेन्सिल निघाली आणि मी अंगठीच्या पांढऱ्याशुभ्र डबीवर लाल फुली मारली. मुलीनं डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती मालकांना बोलवायला गेली.

मालक आले. शांत माणूस. त्यांनी स्वतः आतून दुसरं तबक आणलं, मग तिसरं. मी एकेक अंगठी भिंगाखाली धरत गेलो. एकीत रेघ, एकीत ढग, एकीत टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी. पेन्सिल मालकांनी हळूच माझ्यापासून लांब सरकवली, ती मी पुन्हा जवळ ओढली.

शेजारच्या काउंटरवर एक तरुणी, तिचा होणारा नवरा आणि तिची आई असे तिघे बसले होते. तरुणी उठून आली. "काका, तुम्हाला यातलं कळतं वाटतं. आमची पण बघता का?"

एकदा कुणी असं विचारलं, की मी कुणाचा राहत नाही. मी भिंग लावलं. "रेघ आहे. चांगली आरपार आहे."

"रेघ?" आईनं होणाऱ्या जावयाकडे पाहिलं. "तुम्ही तर म्हणालात, पारखून काढली आहे."

"आई, दुकानवाल्यांनीच दाखवली म्हणून..." तो म्हणाला.

"म्हणजे तुम्ही पाहिलीच नाहीत. उद्या माझी मुलगी पण अशीच न बघता नेणार का?"

तो बिचारा माझ्याकडे असा बघत राहिला, की मी भिंग पुसायला घेतलं. थोड्याच वेळात आई पुढे, मुलगी मागे आणि तो बराच मागे, असे तिघेही अंगठी तिथेच टाकून निघून गेले. मालकांची मान लाल झाली.

बायको एवढा वेळ पहिलीच अंगठी बोटात घालून स्टुलावर बसली होती. "अहो, मला ही आवडली आहे."

"अगं, पण ती नापास आहे."

"मला तिची परीक्षा घ्यायची नाहीये. घालायची आहे."

पण माझी नजर तोवर रस्त्याकडच्या शोकेसकडे गेली होती. काळ्या मखमलीच्या हातावर एक अंगठी होती. एकच खडा, हरभऱ्याएवढा, पाण्यासारखा स्वच्छ.

"याला म्हणतात माल," मी म्हणालो. "याला भिंगसुद्धा नको. हा हिरा का लपवून ठेवलात?"

"सर, तो..." मुलगी म्हणाली. मालकांनी हात वर करून तिला थांबवलं. स्वतः जाऊन त्यांनी ती अंगठी काढली आणि अदबीनं माझ्यापुढे ठेवली.

"पसंत आहे?"

"शंभर टक्के. यात एक डाग दाखवा, पुन्हा दुकानात पाऊल ठेवणार नाही."

हे ऐकून मालकांना का आनंद झाला ते मला तेव्हा कळलं नाही. "मग घेऊन जा. पैसे नकोत."

माझ्या ज्ञानापुढे माणूस नमला, असं मला वाटलं. मी "छे छे, असं कसं" वगैरे म्हणूनही घेतलं.

"काच आहे ती," मालक म्हणाले. "शोकेसमध्ये खरा माल कोण ठेवतो? झुंबराचे लोलक आणतो, पैलू पाडून बसवतो. तुमच्याच कारखान्यातून येतात."

मुलगी काहीतरी शोधायला काउंटरखाली वाकली. तिचे खांदे हलताना दिसत होते. मी मात्र अजून हरलो नव्हतो. "म्हणजे मी पास केलेला माल," मी म्हणालो. "म्हणूनच तर एवढा स्वच्छ."

"बघू," बायको म्हणाली. तिनं तो खडा दिव्यासमोर धरला आणि एकदाच फिरवला. "बुडबुडा आहे."

"शक्यच नाही. कुठे?"

"तळाशी, डावीकडे. पंचवीस वर्षं तुमच्या बुडबुड्यांच्या ग्लासातून पाणी पितेय मी. लांबून ओळखते."

मालकांनी भिंग लावून पाहिलं आणि ते माझ्याकडे दिलं. बुडबुडा होता. चांगला गोल, खाऊनपिऊन सुखी.

बायकोनं बोटातली अंगठी बोटातच ठेवली आणि पावती करायला सांगितली. मालकांनी तिच्यासाठी चहा मागवला. मला विचारलं नाही.

"ही काच आता फेकून देतो," ते म्हणाले.

"फेकू नका. नापास माल आमच्याकडे घरीच येतो," ती म्हणाली. तिनं माझी पेन्सिल उचलली, काचेच्या अंगठीच्या डबीवर फुली मारली आणि डबी पर्समध्ये टाकली. मी मान खाली घालून बसलो होतो. निघताना ती माझ्या मागे आली आणि तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. एवढं सगळं होऊनही ही माझी समजूत काढतेय, असं वाटून मला भरून आलं.

रस्त्यानं लोक आमच्याकडे वळून वळून बघत होते. काही हसतही होते. "बघ," मी म्हणालो, "सगळे तुझ्या अंगठीकडे बघतायत."

"हो का," ती म्हणाली.

घरी येऊन शर्ट काढला तेव्हा पाठीवरची फुली दिसली, खांद्यापासून कमरेपर्यंत. मेणाचा तो रंग धुऊन जात नाही. शर्ट आता मी घरातच घालतो, आणि बुडबुड्याच्या ग्लासातून पाणी पितो.