सुभानजींची संगमरवरी उडी

श्री. विघ्नें दूर राहोत, ऐकणारांचे कान शाबूत असोत, लिहिणाराची लेखणी आडवी न जावो. शके सोळाशें बारा, प्रमोद नाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं एका थोर राज्यांत जें वर्तमान जाहलें, तें आम्हीं समक्ष पाहिलें, तैसेंच लिहितों.

राज्याचे सरदार सुभानजी तट राखीत होते. गनीम खंदकीं उतरला, तेव्हां सुभानजींनीं तटावरून त्याजवर उडी घातली, आणि गनीम हटला, आणि सुभानजी खंदकाचे पाण्यांत बुडाले ते ऐसे कीं, देहही हातीं लागला नाहीं. महाराज बहुत कष्टी जाहले आणि आज्ञा केली कीं, यांची मूर्ती करावी. मग तोफखान्यांत मातेव म्हणून फिरंगी चाकरीस होता, आपले मुलखीं दगडाचें काम शिकलेला, त्याणें ती उडी डोळां पाहिली होती, त्यास संगमरवराची शिळा दिधली. वर्षभर ठोकठोक चालली, आणि मूर्ती दरबारीं आली, आणि सारे हबकलेच.

कां, तर आपलेकडे वीराची मूर्ती म्हणजे ताठ, समोर पाहणारी, हातीं ढाल तलवार, कसली म्हणून गडबड नाहीं. आणि ही? कंबर पिळलेली, टाच अधर, शेला वाऱ्यावर, तोंड उघडें. फिरंगी हातवारे करून सांगे कीं, दरबारचे चौकाचे मध्यें ठेवा, भोंवतीं फिरून पहा. परंतु कारभारी विसोपंत रीतीचे महाकडक. ते गरजले, "मध्यें ठेविली तर महाराजांकडे पाठ होईल! जित्या माणसाची छाती होत नाहीं, मग हा दगड कोण लागून गेला?" आणि मूर्ती कोनाड्यांत भिंतीस पाठ लावून घट्ट बसविली. मग समोरून दिसावें काय, कपाळ? उघडें तोंड आणि वेडेंवांकडें पोट. कोणी म्हणे शूळ उठला, कोणी म्हणे विंचू चावला. महाराजांस तें ऐकवेना. त्यांणीं निवाडा केला कीं, सुभानजींच्या मातोश्री म्हाळसाआऊ यांस आणावें, त्यांणीं लेक ओळखिला तर मूर्ती राहील, नाहीं तर चुन्याचे भट्टींत जाईल.

आऊ आल्या. लेकाचें म्हणावें ऐसें जगीं तेवढेंच उरलें होतें, तरी म्हातारी खोटें बोलणारी नव्हे. बहुत वेळ पाहून बोलिल्या, "महाराज, हें तोंड मीं कधीं पाहिलें नाहीं हो. माझा सुभान घरांत कधीं ओरडला नाहीं." आणि पदर डोळ्यांस लाविला. पंतांनीं लागलीच खूण केली, आणि गड्यांनीं पहारी घालून मूर्ती चौकांत ओढिली, आणि ओढितां ती फिरली, आणि पाठ आऊंकडे जाहली.

"थांबा, मेल्यांनो! हात लावूं नका!" आऊ ओरडल्या. "हीच ती पाठ! त्या दिवशीं जेवतां ताटावरून उठला, मीं म्हटलें, हातचा घास तरी संपव, तर वळून न पाहतां अस्साच निघाला. तोंड कोठें पाहूं दिलें त्याणें मला?" आणि आऊ मूर्तीभोंवतीं चालूं लागल्या, आणि महाराज गादीवरून उतरून मागें निघाले, मग अवघा दरबार निघाला. अहाहा, काय सांगावें! मागून पाहतां सुभानजी निघाले, बगलेस येतां वळले, आणखी पुढें येतां पाय तटावरून सुटला, शेला मागें राहिला, आणि समोर येतां जें तोंड शूळाचें वाटलें तें गनिमावर घातलेली आरोळी जाहलें. दगड जागचा हलला नव्हता, तरी आमचे अंगावर कांटा आला. विसोपंतांची मात्र त्रेधा. वर्तुळांत महाराजांस पाठ न दाखवावी म्हणून खेंकड्यासारखे आडवे चालत होते, आणि घळघळां रडत होते.

मग पंतांनीं हार मागविला आणि हात जोडून बोलिले, "आऊसाहेब, चुकलों. आपले हातें घाला."

आऊंनीं हार परत दिला. "नको, पंत. हार गेलेल्यास घालितात. हा अजून पडला कोठें आहे?"

ऐसी उडीची हकीकत. फिरंग्यास वस्त्रें आणि कडें मिळालें. मूर्ती महाराजांकडे पाठ करून चौकाचे मध्यें राहिली, आणि तिजला हार आजवर कोणीं घातला नाहीं.