सुनंदाचा शंभर पेशंटांचा पेपर

सुनंदा साळवी मला पहिल्यांदा भेटली ती लिफ्टमध्ये. मी रीतसर 'गुड मॉर्निंग' म्हणून हात पुढे केला. तिने तो हातात घेतला, उपडा केला, पंजाच्या मागची कातडी दोन बोटांत धरून वर ओढली आणि सोडून दिली. मग त्या कातडीकडे टक लावून पाहत राहिली.

"खाली बसायला वेळ लागतोय. पाणी कमी पिता तुम्ही, काकू," असं म्हणाली आणि तिसऱ्या मजल्यावर उतरून गेली.

पोरांनो, तुमच्या आजीने छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. इन्स्पेक्टर आले, ट्रस्टी आले, पण कातडी कुणी ओढली नव्हती. घरी येऊन मी दोन पेले पाणी प्यायले, हेही खरं.

पुढे कळलं की ती शारजातल्या रोल्ला चौकाजवळच्या एका जनावरांच्या दवाखान्यात व्हेटरनरी टेक्निशियन आहे. व्हिडिओ कॉलवर मी हे सांगितलं तेव्हा इरा, तू विचारलंस, "आजी, इज शी अ डॉक्टर?" नव्हे. डॉक्टर सुई टोचतात तेव्हा मांजर धरून ठेवते ती. रक्त काढते, दात साफ करते, भूल उतरेपर्यंत शेजारी थांबते. डॉक्टरांच्या हातावर बोचकारे नसतात, ते हिच्यामुळे.

गुहागरकडची ही बाई एकोणीस वर्षांपूर्वी शारजाला आली. आता पन्नाशी उलटली. लग्न केलं नाही. त्याबद्दल विचारलं की म्हणते, "राहून गेलं मेलं. तितकं अर्जंट नव्हतं."

अर्जंट हा तिचा धर्म आहे. कुठेही गेली की दारातच उभी राहून सगळीकडे एक नजर फिरवते आणि विचारते, "आधी सिरीयस कोण?" दवाखान्यात ते ठीकच आहे. गणपतीत प्रसादाच्या रांगेतही ती हेच करते. मागच्या वर्षी तिने रांगेच्या शेपटातून देशपांडे आजोबांना दंडाला धरून पुढे आणलं. "ह्यांचे हात कापतायत, शुगर उतरलीय. बाकीचे थांबा, तुम्हाला काही होत नाही!" मंडळाच्या सेक्रेटरींची बायको आरतीचं ताट घेऊन थांबली ती थांबलीच.

माझ्या स्वयंपाकघरात तर आमची रोजची लढाई. माझे डबे लेबल लावलेले, आठवड्याची यादी फ्रीजच्या दारावर. सोमवारी दुधी म्हणजे दुधी. सुनंदा आली की फ्रीज उघडते आणि मऊ पडलेले टोमॅटो बाहेर काढते.

"दुधी अजून दोन दिवस काढेल, काकू. हे आज जातील."

"यादीत सार नाहीये."

"यादीला सांगा, पेशंट आलाय."

तर अशा ह्या बाईच्या लायसन्सचा नियम यंदा बदलला. पूर्वी परीक्षा कागदावर होती. आता ती कॉम्प्युटरवर, दुबईच्या एका परीक्षा केंद्रात. शंभर प्रश्न, दोन तास, एकामागून एक. पुढे गेलं की मागे येता येत नाही. लायसन्स संपायच्या आत तिला एकच तारीख मिळत होती. नापास झाली तर दवाखाना तिला काउंटरवर बसवणार होता. कुत्र्यांचे शाम्पू विकायचे, अपॉइंटमेंट लिहायच्या.

"जनावराला हात लावायचा नाही," ती म्हणाली. एरवी चार मजले ऐकू जाणारा तिचा आवाज त्या वाक्याला इतका खाली गेला, की मी ताबडतोब वही काढून तीन आठवड्यांचं वेळापत्रक आखलं.

पहिल्या संध्याकाळी तुमच्या मामाच्या लॅपटॉपवर तिला सराव पेपर लावून दिला आणि मी चहा टाकायला गेले. चहा उकळायच्या आत आतून किंकाळी आली.

"काकू! सत्तेचाळीस नंबरच्या बोक्याची लघवी बंद आहे! दोन दिवस!"

"तू सत्तेचाळीसवर कशी पोचलीस?"

"पुढे जाऊन बघत होते, सिरीयस कोण ते. आता मागे कसं जायचं? तो मरेल ना!"

"अगं, तो प्रश्न आहे."

"प्रश्न असला म्हणून काय झालं? बोका आहे ना?"

मागे जायच्या नादात ती पुढेच दाबत गेली आणि स्क्रीनवर निकाल आला. शंभरपैकी शून्य. बाईंनी सगळे प्रश्न नुसते पाहिले होते. एकाचंही उत्तर दिलं नव्हतं.

मग कळलं की कागदावरच्या परीक्षेत ती आधी अख्खा पेपर चाळायची. लाल पेन्सिलने गंभीर केसेसवर खुणा करायची, रक्तस्राव आणि विषबाधा आधी उरकायची आणि नखं कापणं वगैरे शेवटी. तशीच ती पहिल्या झटक्यात पास झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी बजावलं, "पहिला प्रश्न, मग दुसरा, मग तिसरा. मधे उड्या मारायच्या नाहीत." तिने ऐकलं. पण पोपटाच्या पिंजऱ्याच्या सफाईवर चार मिनिटं अडून बसली.

"येतंय ना उत्तर?"

"येतंय हो. पण मागे कोण बसलंय ते दिसत नाही. मी इथे पोपटाचा पिंजरा पुसतेय आणि तिकडे ऐंशी नंबरला कुणी शेवटच्या घटका मोजत असला तर?"

वेळ संपली तेव्हा ती एकतिसाव्या प्रश्नावर होती. बारा दिवस हेच चाललं. ती बेचाळीसच्या पुढे सरकेना. मी रागावले, समजावलं, घड्याळ समोर ठेवलं. छत्तीस वर्षांत इतका हुशार आणि इतका हट्टी विद्यार्थी मला मिळाला नव्हता.

तेराव्या दिवशी मी लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "दवाखान्यात तू एका वेळी एकच मांजर धरतेस ना? तेव्हा बाकीच्यांची काळजी नाही वाटत?"

"नाही. बाहेर कुणीतरी असतं बघायला. काही झालं तर हाक मारतं."

"मग मी बसते बाहेर."

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. उमेदवार नापास होण्याची चिन्हं होती. "तुम्हाला काय कळणार सिरीयस कोण ते?"

"न कळायला काय झालं? चाळीस मुलांच्या वर्गात ओकारी कुणाला येणार, ते मला पाठमोरी असताना कळायचं."

हे तिला पटलं. त्या दिवसापासून ती बेडरूममध्ये पेपर सोडवायची आणि मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची.

"काकू, बाहेर सगळे ठीक?"

"ठीक! पुढचा घे!"

"नक्की?"

"यल्ला, सुनंदा! चल पुढे!"

तुमचा मामा ऑफिसातून आला की सरळ आपल्या खोलीत जायचा. पण त्या आठवड्यात सुनंदाने शंभरही प्रश्न वेळेत संपवले. पास होण्यापुरते मार्कही पडले.

परीक्षेच्या दिवशी दहाची वेळ होती. शारजाहून दुबईचा सकाळचा ट्रॅफिक जमेस धरून मी तिला साडेसहाला टॅक्सीत बसवलं आणि स्वतःही बसले. पासपोर्ट, आयडी, परीक्षेच्या पत्राच्या दोन प्रती, सगळं एका फाइलमध्ये. वाटेत तिने टॅक्सीवाल्याचे पिवळट डोळे पाहून त्याला रक्त तपासून घ्यायला सांगितलं. तो पेशावरचा होता. "इन्शाल्ला, बाजी," म्हणाला. बाजी म्हणजे ताई.

आत जाताना ती दारात थांबली. "ओरडता येणार नाही हां इथे."

"मी ओरडले नाही, म्हणजे सगळे ठीक आहेत असं समज."

"आणि तुम्ही इथेच?"

"इथेच."

ती आत गेली. भिंतीला लागून आठ खुर्च्या होत्या. एसी बर्फासारखा. काउंटरवरची फिलिपिनो मुलगी दोनदा येऊन सांगून गेली, की खाली छान कॉफी मिळते आणि मॅडमला वेळ लागेल. मी शाल गुंडाळून बसून राहिले. खरं सांगते पोरांनो, बाथरूमलासुद्धा गेले नाही. न जाणो, तेवढ्यात ती दाराच्या काचेतून बघायची.

बाराला पाच कमी असताना दार उघडलं आणि सुनंदा बाहेर आली. हातात काहीच नव्हतं. ती आधी खुर्च्यांकडे बघत राहिली.

"तुम्ही आहात!"

"नसायला काय झालं? सांगितलं होतं ना, इथेच म्हणून."

"सांगतात हो सगळे. मांजर आत दिलं की मॉलमध्ये जातात. मी दार उघडून नाव पुकारते, तर खुर्च्या रिकाम्या."

"ते राहू दे. रिझल्ट काय लागला?"

"आलंय काहीतरी स्क्रीनवर. मी वाचलं नाही. उठले नि आले."

एवढ्यात ती काउंटरवरची मुलगी कागद घेऊन धावत आली. "मॅडम, यू फरगॉट!"

मी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. एकदा पास दिसलं म्हणून, आणि एकदा खात्रीसाठी.

"पास झालीस, सुनंदा."

"हो?" तिने कागदाची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली. मी उठायला लागले, तशी ती शेजारच्या खुर्चीवर टेकली.

"थोडं बसू, काकू? एकोणीस वर्षांत ह्या बाजूला कधी बसलेच नाही मी."

मी अर्धी शाल तिच्या खांद्यावर टाकली. आतून एकेक जण बाहेर येत होता. दारात क्षणभर थांबत होता, इकडेतिकडे पाहत होता आणि मग फोन काढून लिफ्टकडे निघत होता. सुनंदा प्रत्येकाला हिंदीत विचारत होती, "हो गया? अच्छा गया ना?" केरळचा एक मुलगा तर आपले मार्क दाखवायला परत मागे आला.

शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून होतो.