भोंगा वाजला की पिंपळाजवळ

परबकाकांनी कागद हातात घेतला, पहिली ओळ वाचली आणि चटका बसल्यासारखा टेबलावर उलटा ठेवला.

"आग?" ते कुजबुजले. "अगो, नवी बिल्डिंग आहे. अजून लोकांच्या दारावरची तोरणं सुकली नाहीत. आणि तू भिंतीवर आग लिहिणार?"

"काका, आग लागली तर काय करायचं त्याचीच सूचना आहे ती," अपूर्वा म्हणाली.

"मग तर नकोच. नाव घेतलं की येतं."

परळच्या कापूसवाडीची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, आणि अख्खी चाळ उभी करून ठेवल्यासारखी त्यात राहायला आली. चाळीतले सेक्रेटरी परबकाका टॉवरमध्येही सेक्रेटरीच राहिले. त्यांचा शिक्का असल्याशिवाय भिंतीवर साधं कॅलेंडर लागत नसे. अपूर्वा आठव्या मजल्यावरची. दादरच्या कॉलेजात ती प्रोफेशनल रायटिंग आणि डॉक्युमेंट डिझाइन शिकत होती. म्हणजे नक्की काय, हे तिच्या आईलाही सांगता येत नसे. रुपाली नातेवाइकांना 'कॉम्प्युटरचं आहे' एवढं सांगून विषय मिटवत असे.

शेवटच्या परीक्षेला पेपर नव्हता, प्रोजेक्ट होता. खऱ्या लोकांसाठी खरा कागद लिहायचा आणि नम्रता मॅडमच्या डोळ्यांसमोर लोकांनी त्यात लिहिल्याप्रमाणे वागायचं. मॅडमची अट कडक होती. "कागदाने बोलायचं, तू नाही. वाचणाऱ्याच्या शेजारी उभं राहून तोंडी समजावलंस, तर प्रोजेक्ट बाद. गॅस शेगडीच्या डब्यात कंपनीचा माणूस बसलेला असतो का समजवायला?"

यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणाऱ्या एका कंपनीने अपूर्वाला नोकरी देऊ केली होती, फक्त पास व्हायचं बाकी होतं. कंपनीचं ऑफिस होतं काचेच्या इमारतीत, आणि ती इमारत उभी होती तिच्या आजोबांच्या गिरणीच्या जागेवर. बुधाजी आजोबांनी शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं, "आमची पोरगी माझ्याच खात्यात लागतेय. फक्त वरच्या मजल्यावर."

तेव्हा पास तर व्हायलाच हवं होतं. बिल्डरने लावलेली आगीची जुनी सूचना बारीक इंग्रजीत होती. तिच्यावर कोणीतरी घरगुती डब्यांची जाहिरात चिकटवली होती आणि लोक जाहिरात वाचत. अपूर्वाने मजकूर नव्याने लिहिला. सोपा, छोटा, लोकांच्या शब्दांत. अलार्म न म्हणता 'भोंगा' म्हटलं, कारण परळमध्ये भोंगा कळायला शाळा लागत नाही. असेंब्ली पॉइंट न म्हणता 'पिंपळाजवळ' लिहिलं, कारण चाळीच्या काळातला तेवढा पिंपळच काय तो शिल्लक होता.

आता काकांना आग नको होती. लाल रंग नको होता. ज्वाळेचं चित्र तर अजिबात नको होतं.

"मग सूचना कशाची आहे ते कळणार कसं?"

"कळतं गो. आपली माणसं हुशार आहेत."

अपूर्वाने आग काढली, काकांनी शिक्का मारला. लाइट गेली तरी वाचता यावं म्हणून तिने अंधारात चमकणाऱ्या कागदावर छापून घेतलं. शेजारी जिना उतरणाऱ्या माणसाचं चित्र टाकलं. गोल डोकं, खाली धड, मधे फट. जगभर असंच काढतात. सोमवारी प्रत्येक मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, कागद लागला:

*भोंगा वाजला की हातातलं काम टाका.*
*दार उघडण्याआधी हात लावून बघा. गरम असेल तर उघडू नका.*
*लिफ्टमध्ये शिरू नका. जिन्याने उतरा.*
*मागे वळून पाहू नका.*
*कोणी नावाने हाक मारली तरी परत जाऊ नका.*
*दिसेनासं झालं तर रांगत चला.*
*सगळ्यांनी पिंपळाजवळ जमा.*

मंगळवारी सकाळी शेजारच्या रमाबाईंनी अपूर्वाला जिन्यात गाठलं. रमाबाई मूळच्या मालवणकडच्या. जन्म परळमध्ये गेला, पण बोली तिकडचीच राहिली.

"बरा केलंस गो चेडवा," त्या हळूच म्हणाल्या.

"आवडलं?"

"सगळा लिवलंस, पण त्याचा नाव नाय घेतलंस. शानी आसस. नाव घेवचा नसता."

"कोणाचं नाव, रमाकाकी?"

रमाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि पिंपळाच्या दिशेने मान हलवली. अपूर्वाच्या ओठांवर 'आग' आलं होतं, पण तोंडी समजावलं की प्रोजेक्ट बाद. तिने ते गिळलं.

लोक मग खात्री करायला परबकाकांकडे गेले. "काका, हे कशाबद्दल आहे हो?" काकांनी इकडेतिकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तिन्हीसांजेला विषय नको." झालं. खात्री पटली.

त्या दिवसापासून टॉवर शांत होत गेला. आधी पोरं. खाली क्रिकेट खेळणाऱ्यांना आया वरून हाका मारायच्या, तर एकही पोरगा मान वर करेना. मग मोठे. पार्सलवाला दारात उभा राहून नाव घेऊन ओरडायचा, आत टीव्ही बंद व्हायचा आणि पाच माणसं श्वास रोखून सोफ्यावर बसायची. पार्सलं परत जायला लागली. दिवेलागण झाली की लिफ्ट रिकामी वरखाली करायची, आणि जिन्यावरून माणसं भिंतीला हात लावत, खाली मान घालून, एकमेकांशी न बोलता चढायची. प्रत्येक दारावर तळहाताचे ठसे उमटले. नवव्या मजल्यावरच्या नूपुरचं दार पश्चिमेचं. दुपारभर उन्हाने तापायचं. ती बिचारी दाराला हात लावायची आणि पुन्हा आत जाऊन बसायची. तिच्या ऑफिसला कळेना की ही रोज दुपारच्या शिफ्टला दांडी का मारते.

"भूत नाय, देव नाय," बुधाजी घरात गरजले. "बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस आहे मी. असल्या गोष्टींना भीक घालत नाय."

"मग काल जिन्यात मी मागून 'बाबा, बाबा' करत होते, तर थांबला का नाहीत?" रुपालीने विचारलं.

"मानेत चमक भरलीय."

"थांबायला मान लागते?"

आजोबांनी पेपर उघडला.

दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी अपूर्वा कॉलेजातून आली तर लाइट गेलेली. जनरेटरही बंद. ती जिना चढायला लागली. प्रत्येक वळणावर अंधारात तिचाच कागद हिरवा चमकत होता. डोकं धडापासून सुटलेला तो माणूस प्रत्येक मजल्यावर तिच्याकडे तोंड करून खाली उतरत होता. दिवसा तो असा दिसला नव्हता. आपणच काढलाय, ती मनाशी म्हणाली. गोल डोकं, खाली धड. साधं आहे. तेवढ्यात वरून कुठूनतरी, अगदी सावकाश, आवाज आला.

"अपूर्वाऽऽ..."

तिचे पाय जागीच थांबले आणि मग आपसूक खाली वळले.

"अपूर्वाऽऽ..."

ती उतरायला लागली. भराभर. मागे न बघता. तळमजल्यावर पोचली तेव्हा फोन वाजला.

"कोथिंबीर आणायला सांगायचं होतं, तर पळालीस कुठे?" रुपाली म्हणाली. "तीन हाका मारल्या!"

"मला वाटलं..."

"काय वाटलं? अगं, तूच लिहिलंयस ना ते?"

गुरुवारी अपूर्वाने खुलाशाचा कागद केला. आग लिहायची सोय नव्हतीच. तिने लिहिलं: *घाबरण्याचं कारण नाही. रविवारी संध्याकाळी सराव आहे, तेव्हा भोंगा वाजेल. खरा प्रसंग मात्र कधीही येऊ शकतो.*

आतापर्यंत जे हसत होते, तेही त्या रात्री दिवे न मालवता झोपले.

"गिरणीचा भोंगा बंद होऊन किती वर्षं झाली," बुधाजी हळूच म्हणाले. "आता तो वाजवणार कोण?"

"बाबा, तुम्ही तर भीक घालत नाही ना?"

"मी टेक्निकल प्रश्न विचारतोय."

रविवार उजाडला. डिसेंबर होता, सहाच्या सुमाराला काळोख पडायला लागला. नम्रता मॅडम वही घेऊन पिंपळाखाली उभ्या राहिल्या. अपूर्वा शेजारी. परबकाकांनी वर आपल्या खिडकीतून वॉचमनला खूण केली आणि भोंगा वाजला.

तो लांबलचक आवाज टॉवरभर फिरला. आठव्या मजल्यावर बुधाजींचा हात आपोआप डब्यासाठी ओट्याकडे गेला. मग भोंगा थांबला आणि काहीच ऐकू येईना. धावपळ नाही, आरडाओरडा नाही, एका पोराचं रडणं नाही. नुसती दारं बंद होत होती, एकामागून एक.

"कोणी येतंय का?" मॅडमनी विचारलं.

पहिल्या मजल्याच्या जिन्यावरचा दिवा नेमका त्याच दिवशी गेला होता. म्हणजे तिथे दिसेनासं झालं होतं. जिन्याच्या काळ्या तोंडातून आधी दोन हात बाहेर आले. मग रमाबाईंचं डोकं. रमाबाई चार पायांवर बाहेर आल्या. त्यांच्यामागे नूपुर, मग बुधाजी, मग पोरंसोरं, मग बाकीची कापूसवाडी, सगळी रांगत, ओळीने, तोंडातून अवाक्षर न काढता. पिंपळापाशी येऊन ती उठली आणि टॉवरकडे पाठ करून उभी राहिली. टॉवरकडे बघायचं नव्हतं ना. शेकडो माणसं झाडाकडे तोंड करून, हाताची घडी घालून, स्तब्ध.

मॅडमची वही खाली पडली होती. ती त्यांनी उचलली नाही.

"काकी," त्यांनी रमाबाईंना विचारलं, "हे सगळं तुम्ही कशासाठी केलंत?"

"त्याचा नाव घेव नको गो बाय."

"कोणाचं?"

"शूऽऽऽ," अख्खा जमाव एका आवाजात म्हणाला.

मॅडम अपूर्वाला बाजूला घेऊन गेल्या. "एवढी शिस्त मी जन्मात पाहिली नाही. सगळं अगदी बरोबर केलं. पण का केलं ते एकालाही माहीत नाही. मी मार्क कशाचे देऊ? अर्थ पोचला पाहिजे, अपूर्वा. स्पष्ट लिही. पुढच्या रविवारी पुन्हा येते. शेवटची संधी."

या वेळी काकांनी हरकत घेतली नाही. तेही रांगतच उतरले होते, गुडघे सोलवटले होते. "लिही बाई, आग लिही," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरांत लिही. आगच बरी."

सोमवारी नवे कागद लागले. वर लाल, हातभर 'आग'. शेजारी ज्वाळा. स्पष्ट म्हणजे अगदी स्पष्ट. टॉवरने सुटकेचा जो श्वास टाकला तो थेट लालबागपर्यंत गेला असेल.

"आग काय!" रमाबाई पोट धरून हसल्या. "मेल्यांनी माझो जीव काढल्यानी. आग काय, पाणी मारला की इझता."

लिफ्ट पुन्हा भरली. पोरं हाकेला ओ द्यायला लागली. नूपुर ऑफिसला गेली. बुधाजींच्या मानेतली चमक गेली.

रविवारी त्याच वेळी भोंगा वाजला. मॅडम आणि अपूर्वा पिंपळाखाली उभ्या. भोंगा थांबला. काही नाही. पुन्हा वाजवला. काही नाही. मग एकेका खिडकीत माणसं दिसायला लागली. सगळ्या मजल्यांवर, सगळ्या खिडक्यांत. हातात मोबाइल.

"कितव्या माळ्यावर आहे?" वरून कोणीतरी ओरडलं.

"खाली उतरा!" मॅडम ओरडल्या.

"धूर कुठे दिसत नाही पण!"

"कुकर लावलाय, दोन शिट्ट्या झाल्या की येते," रुपालीचा आवाज आला.

"आगच आसा ना? मग बसा निवांत," रमाबाईंनी शेजारणीला सांगितलेलं खालपर्यंत ऐकू आलं.

अर्ध्या तासात एकच माणूस खाली आला. लिफ्टने. त्याला पाव आणायचे होते.

अपूर्वा पिंपळाच्या पारावर बसली. काचेची इमारत इथून दिसत होती, दिवे लागलेली. तिला तिकडे बघवेना. मॅडमही शेजारी येऊन बसल्या. वर खिडक्यांतली माणसं कंटाळून आत गेली.

"अँटॉप हिलला आमची कॉलनी आहे," मॅडम अचानक म्हणाल्या. "सुरक्षेच्या कमिटीवर मीच आहे. सूचनाही मीच लिहिलीय. स्पष्ट, मुद्देसूद, चित्रांसकट. दर वर्षी सराव घेतो. वॉचमन सोडून कोणी उतरत नाही. तोसुद्धा खालीच असतो म्हणून."

अपूर्वाने मान वर केली.

मॅडमनी पर्समधून पेन काढलं, प्रोजेक्टच्या फॉर्मवर सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. पास.

"मॅडम, पण कुठल्या कागदावर? पहिल्या की दुसऱ्या?"

"ते रिपोर्टमध्ये लिहू नकोस." त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "ती पहिली फाइल आहे ना तुझ्याकडे? आग नसलेली? मला पाठव."

"तुमच्या कॉलनीत पिंपळ आहे का, मॅडम?"

"वड आहे. जुना. पारंब्या अगदी जमिनीपर्यंत."

अपूर्वाने फोन काढला, फाइल उघडली आणि तेवढा एकच शब्द बदलून दिला.